खडे बसवणारा हात

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही ठीक आहोत.

सोमवारी सकाळी मी कारखान्याची फरशी रांगत रांगत झाडली. अंगठीत बसवताना चिमट्यातून खडा उडाला होता. शेठ हसले, "शोधा, शोधा! खड्याला पाय फुटले वाटतं!" केर चाळला तेव्हा सापडला. मीही हसलो. पण पाय खड्याला नव्हते फुटले, माझा हात थरथरला होता.

गोळीनं थरथरतो तो. मागे आलीस तेव्हा म्हणालीस, "विजेचे झटके घेऊन नैराश्यातून उठलास ना? मग हे गोळ्यांचं लोढणं कशाला?" तू मायेनंच बोललीस.

तुला कळवलं नाही, पण थंडीत मी गोळी बंद केली होती. घरात कुणाला सांगितलं नाही. हात असा स्थिर झाला की मोहरीएवढा खडाही मुकाट बसू लागला. मी देवाचे आभार मानले.

मग एकदा हात जोडून उभा राहिलो आणि देवाशी बोलायला काही सुचेना. आंघोळ डोंगराएवढी वाटू लागली. घास तोंडात फिरायचा. ही बघत होती. म्हणाली, "पुन्हा तिकडे निघालात ना? मला न सांगता?"

ताई, दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झटक्यांनी विहिरीतून वर काढलं. काठावर धरून ठेवतात त्या गोळ्या. आपल्या मनानं सोडायच्या नसतात." रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू केली. पुढे मात्रा जरा उतरवली. थरथर कमी झाली, गेली मात्र नाही.

यात तुझा दोष नाही. फक्त यापुढे पत्रात विचारत जा, गोळी घेतोस ना?

काल शेठना म्हटलं, "खड्यांची बैठक दुसऱ्याला द्या. मला पॉलिशला बसवा."

"एवढा कसबी हात आणि पॉलिश? वेडबिड लागलं की काय!" म्हणाले, आणि जीभ चावली.

"लागू नये, म्हणूनच शेठ."

त्यांनी उद्यापासून पॉलिशला बसायला सांगितलं. मग चहा मागवला.

आज सकाळी गोळी घेतली, देवाला नमस्कार केला आणि पॉलिशच्या मोटरपुढे जाऊन बसलो. तिथून जुनी बैठक पाठीमागे येते. ते बरं आहे.

तुझा,
अजून काठावर असलेला धाकटा