अडवलेली पाटी

ताकायामा, ३ नोव्हेंबर

चि. शिओरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझा संधिवात म्हणजे गल्लीतली सूचनांची पाटी, हे छान समजावलंस. एका घरानं वाचून, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून शेजारी द्यायची, तसाच पेशीत निरोप हातोहात पुढे जातो आणि सांधे सुजतात. नवी गोळी म्हणे मधल्याच एका घरी पाटी अडवते. इथंच घोडं अडलं. चाळीस वर्षांत मी पाटी एक दिवसही अडवलेली नाही. अडवणारीला गल्लीत काय म्हणतात, ठाऊक आहे ना? तसली बाई मी पोटात घेणार नाही!

पर्सिमन यंदा झाडावरच राहिले. फळं सोलून वाळवायची, तर सुरी धरवत नाही. कावळे खूश आहेत.

तुझी आई, फुमिए

सेन्दाई, ७ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

बारा वर्षं प्रयोगशाळेत घासली, पण उपमा द्यायची अक्कल आली नाही. अगं, त्या पाटीवरची सूचनाच खोटी आहे. आग लागली, बादल्या आणा! आग नाहीच, आणि अख्खी गल्ली तुझ्या बोटांवर पाणी ओततेय. गोळी ती पाटी दाबून ठेवते. कधीकधी जंतू शिरल्याची खरी सूचनाही दाबते, म्हणून ताप आला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

एकदा वाकडे झालेले सांधे सरळ करणारी गोळी माझ्याकडे नाही, आई. मला भीती वाटते. आणि हल्ली पत्राखाली तुझा शिक्का का नसतो?

लोभ आहेच, हट्ट तेवढा कमी असावा.

शिओरी

ताकायामा, १२ नोव्हेंबर

चि. शिओरीस आशीर्वाद.

पकडलंस. पेनाला फडकं गुंडाळून लिहिते, पण काडीएवढा शिक्का चिमटीत धरवत नाही. म्हणून पाटी नऊ दिवस माझ्याकडेच पडून होती. मागचं पत्र लिहिताना पुढ्यातच होती.

काल शेजारच्या निशिगाकीबाई आल्या. म्हटलं, आता उद्धार होणार. तर म्हणाल्या, त्या पाटीवर रविवारी सगळ्यांनी गवत कापायची सूचना होती म्हणे. ती पोचलीच नाही, म्हणून आम्ही पांघरुणात लोळलो. अशीच अडवत जा. वर दोन मुळे देऊन गेल्या.

आज सकाळी चहाबरोबर गोळी घेतली.

आई

ताकायामा, २५ डिसेंबर

चि. शिओरीस आशीर्वाद.

ताप नाही, तपासणी झाली. कावळ्यांनी ठेवलेले पाच पर्सिमन मी सोलले, वाळत घातलेत. आज पाटी आली, ती लगेच शिक्का मारून पुढे दिली. गटारसफाईची होती. निशिगाकीबाई माझ्याशी बोलत नाहीत.

माया गोळीसारखी रोज, न चुकता असू दे. खालचे शिक्के मीच मारलेत. एक पुरला असता, पण हात थांबेना.

तुझी आई
फुमिए फुमिए फुमिए