भिंतीतली ठकठक

आबा, आपल्या संडासातला पाइप परत वाजायला लागला होता. सकाळी पाणी आलं, फ्लशची टाकी भरून थांबली, की भिंतीत ठक्. आई पिठाचे हात तसेच धरून उभी राहायची. "बघ की रं एकदा," म्हणायची. मी गावभर लोकांचे पाइप गप्प करत फिरतो, आणि घरातल्याला आठ दिवस हात लावला नव्हता. त्या पाइपाबद्दल मी आईशी खोटं बोललोय, आबा. भ्या वाटतं.

तुम्ही पेचकसाचं टोक पाइपाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभे राहायचा. शिट्टी आली तर वायसर झिजलाय, टाकी भरताना रेड्यासारखी हंबरली तर आतला बॉलकॉक गेलाय, ठोकलं तर पाइप भिंतीला धरणारा क्लॅम्प ढिला, नाहीतर हवा. मंगळवार पेठेत एकदा मी न ऐकताच अख्खी टाकी खोलून बसलो, तर घरमालकासमोर म्हणालात, "डॉक्टर हायस का कसाई?" लय लागलं होतं मला. मग मी असा कान तयार केला, की पुढच्या खोलीतून रोग सांगायचो. त्याचीच घमेंड होती.

त्या दिवशी आई कोडोलीला माहेरी गेलती. पाणी नुकतंच आलेलं, तुम्ही आत, मी चहा गाळतोय. ठक, ठक, ठक. जरा थांबून परत तीनदा. मी जागेवरूनच ओरडलो, "आबा, क्लॅम्प ढिला झालाय बघा!" तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, पोरानं बरोबर ओळखलं म्हणून गप्प बसलाय. तोंडानं शाबासकी कधी दिलीत? मी निवांत चहा प्यालो. आवाजही थांबला होता. कप धुऊन झाला तरी तुम्ही बाहेर येईनात, हाकेला ओ देईनात, म्हणून कडी तोडून दार उघडलं तेव्हा तुमचा हात पाइपाशी होता, आणि अंगठीनं पाइपाचा रंग खरवडलेला. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मी आईला सांगितलं नाही.

"काय आवाज बी न्हाय आला?" तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, न्हाय. तेव्हापासून ती स्वतःलाच खाते. "मी घरात असते तर ऐकलं असतं," हेच. माहेरी मुक्काम करत नाही. भाचीच्या लग्नालासुद्धा अक्षता टाकून संध्याकाळच्या एसटीनं परत.

हल्ली कुणी आवाजासाठी बोलावलं तर मी आधी विचारतो, आत कुणी हाय काय? परवा एक बाई हसली, "पावणं, भूत हाय म्हनूनच तर बोलावलंय!" मी हसलो नाही. कडी वाजवूनच आत गेलो.

आज दुपारी शेवटी आपला क्लॅम्प आवळला. खरंच ढिला होता. आईनं तीनदा फ्लश सोडून बघितलं, मग दाराला टेकून म्हणाली, "मी असते तर ऐकलं असतं, व्हय की न्हाय?" तिचं तोंड बघवेना. म्हणून बोलून गेलो, "आई, पाइपातल्या पान्यागतच आवाज हुता गं. तुला बी कळलं नसतं."

ती दारापासून सरळ झाली. "आवाज हुता?"

मी पाना पिशवीत टाकला आणि काम आहे म्हणून बाहेर पडलो. काम काही नव्हतं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून हे लिहितोय. तिचा दोनदा फोन येऊन गेला. तुमची आठवण आली म्हणून लिहितोय असं नाही, आबा. घरी जायला पाय उचलत नाही, म्हणून लिहितोय.