आईच्या आठ क्लिपा

२ डिसेंबर २०२५

आईच्या आठही क्लिपा कंपनीनं परत पाठवल्या! कारण काय — ‘खोलीत दुसरा आवाज.’

दुसरा आवाज कुठून येणार? आंदर मावळातल्या त्या घरात आई एकटी. मी इथं कुसगावात घरी बसून या कंपनीसाठी लोकांच्या बोलण्याच्या क्लिपा ऐकते, टाइप करते. कंपनीला गावाकडचं बोलणं हवं होतं, म्हणून मीच आईला जुना मोबाईल दिला. रोज दिवेलागणीला दहा मिनिटं बोल म्हटलं. खोलीत दुसरं कुणी नको. ‘मी समोर बसलेय असं समज.’ सहा ते तेरा नोव्हेंबर, आठ दिवस बोलली. मधल्या रविवारी मी जाणार होते. काम आलं, गेले नाही. चौदाला सकाळी शेजारच्या नंदाबाई मावशींना आई अंथरुणात सापडली. गेलेली.

दहावा झाल्यावर मोबाईल घेऊन आले आणि क्लिपा पाठवून दिल्या. का पाठवल्या? हातचं काम पुरं करायची खोड, दुसरं काय.

आठव्या क्लिपसमोर तर लिहिलंय — ‘तिसऱ्या मिनिटानंतर फक्त दुसरा आवाज.’ मूर्ख लोक! तिथं नुसती शांतता आहे. मी ऐकलंय. म्हणजे, थोडं ऐकून बंद केलं.

३ डिसेंबर

लॅपटॉपनं मान टाकली. बिजागरी तुटलेली होतीच, स्पीकर फाटलेला, आता स्क्रीनही अर्धी काळी.

लोणावळ्याला बाजारात नवाजभाईंच्या दुकानात जाऊन आले. दोन आहेत. एक बेस मॉडेल, दुसरा त्याच कंपनीचा वरचा — वीस हजारांनी महाग. दिसायला अगदी सारखे. वरच्याची मेमरी दुप्पट, स्पीकर एकदम भारी. नवाजभाई स्वतःच म्हणाले, “टायपिंगच करायचंय ना ताई? बेस घ्या. भागून जाईल.” इतका प्रामाणिक दुकानदार भेटला की उलट वरचाच हवासा वाटायला लागतो!

सत्यम म्हणाला, “एकदाच घे, चांगला घे.” तळेगावच्या कारखान्यात डबल पाळी करून आलेला नवरा असं मोकळेपणानं बोलला की मला भरून येतं आणि रागही येतो.

४ डिसेंबर

ठरत नाही. बेस. वरचा. बेस.

६ डिसेंबर

नंदाबाई मावशींना फोन केला. आईची गाय सध्या त्यांच्याकडे आहे, तिचं विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, “रोज दिवेलागणीला तुमा दोगींचं बोलनं यायचं कानावर. लय बरं वाटायचं बग. लेक आलीया म्हनलं.”

म्हटलं, मावशी, मी आले नव्हते.

“आगं, तुजा आवाज मला कळत न्हाई व्हय?”

फोनवर बोलत असू, असं म्हणावं तर तेही नाही. त्या आठवड्यात मी आईला एकदाही फोन केला नाही. हे सत्यमलाही माहीत नाही. इथंच लिहिते.

७ डिसेंबर

क्लिपा पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात गेले. कामाच्या आहेत, आवाज कसा येतो बघायचंय, म्हटलं.

आधी बेसवर पहिली क्लिप लावली. आई विचारते, “जेवलीस का गं सारे?” सारे म्हणजे मी. थांबते. मग आपली आपणच म्हणते, “बरं.”

मग तीच क्लिप वरच्या मॉडेलवर. “जेवलीस का गं सारे?” — आणि ती थांबते तिथं, अगदी हलका आवाज: “न्हाई आये. भात टाकलाय.”

“बरं,” आई म्हणते.

आणि त्याच्या मागं टिंगटिंग धून. मोठ्या बस मागं घेताना वाजते ती. आईच्या गावात पाचच्या एसटीनंतर एक चाक फिरत नाही!

नवाजभाई हसले. “हा तर तुमचाच आवाज ताई.”

इथं कुणाशीच मी ‘न्हाई’ म्हणत नाही. सत्यमशीसुद्धा नाही. फक्त आईशी.

पेनड्राइव्ह उपटला आणि सरळ घरी आले.

८ डिसेंबर

सत्यमला सांगितलं. “मनाचे खेळ आहेत.” म्हटलं, नवाजभाईंच्याही मनाचे का?

वरचा घेतला तर आठही क्लिपा तशाच ऐकू येणार. आठवीसुद्धा. मी भ्यायलेय. आई एकटी गेली, हे मी कसंबसं गिळलंय. आता माझा आवाज काढून भलतंच कुणी तिच्यापाशी बसलं होतं, हे मला ऐकायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला हेवाही वाटतो. जे कोण होतं, ते निदान तिच्याकडे गेलं तरी!

१० डिसेंबर

बेस घेतला. नवाजभाई म्हणाले, शहाणपणा केलात. शहाणपणा कसला. भित्रेपणा.

११ डिसेंबर

राहवलं नाही. दिवेलागणीला नव्या लॅपटॉपवर पहिली क्लिप लावली. म्हटलं नुसता आईचा आवाज ऐकू, दुसरं काही यावर ऐकू येत नाहीच.

“जेवलीस का गं सारे?”

थांबली. स्पीकरमधून काही नाही. ती आपली थांबलीये, उत्तराची वाट बघत. मला ते सहनच होईना. तोंडातून निघून गेलं — “न्हाई आये. भात टाकलाय.”

भात खरंच टाकला होता! आणि खिडकीखाली शेजारच्या हॉटेलच्या आवारात पर्यटकांची बस मागं येत होती. टिंगटिंग.

“बरं,” आई म्हणाली.

उठावंसं वाटलं. पण उठले नाही. ती विचारत गेली, मी सांगत गेले. दहाची दहा मिनिटं. भात करपला.

१२ डिसेंबर

दुसरी. रोज एकच लावायची. तिनं रोज एक केली तशीच.

१४ डिसेंबर, रविवार

चौथी. तिचीही रविवारचीच. “आलीस व्हय? बस, च्या ठिवते.”

“आले आये. उशीर झाला.”

किती रडले आज! किती दिवसांनी.

१७ डिसेंबर

सातवी. सत्यम दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. मग जेवताना म्हणाला, उद्या पाळी बदलून घेतो, तुझ्याजवळ थांबतो.

नको म्हटलं. खोलीत दुसरं कुणी नको.

१८ डिसेंबर, गुरुवार

आठवी. बावीस मिनिटांची. तिसऱ्या मिनिटाला आई म्हणते, “जरा पडते गं सारे. तू बोलत ऱ्हा.” तिथंच मी बंद केली होती.

पुढची एकोणीस मिनिटं कंपनीनं ऐकलीत — फक्त दुसरा आवाज. म्हणजे मी थांबले नाही, बोलत राहिले.

भात आधीच उतरवून ठेवलाय. दार लावलं. बसते.