न विकलेले साबण

३ मार्च, सोमवार

पुन्हा तूट! दाढीच्या ब्लेडची पाकिटं, कॉफीच्या मोठ्या बाटल्या, चेहऱ्याला लावायची ती महागडी क्रीमं. फळीवर नाहीत, गोदामात नाहीत, विकल्याची नोंदही नाही. मग गेली कुठे? हवेत विरली?

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चोऱ्या थांबवायला तुम्हाला ठेवलंय ना? दिवसभर करता काय? पडद्यावर सिनेमा बघता?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या पाठीमागे मला 'कॅमेरेवाली' म्हणतात. म्हणू देत. पण आज ते हसणं फार लागलं.

महिनाअखेरपर्यंत चोर सापडला नाही तर माझ्या जागी दुसरं माणूस. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घरात पगार येतो तो माझा आणि नणंदेचा. ती काउंटरवर, मी कॅमेऱ्यांपाशी — एकाच दुकानात. मीच तिला इथे चिकटवली. माझी नोकरी गेली तर—

पुढचं लिहवत नाही.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसले. एक बाई लिपस्टिक बाहीत सरकवताना सापडली. रडली, पाया पडायला लागली. लिपस्टिक परत घेतली, समज दिली. पण एवढा माल काही बाहीतून जात नाही.

आणि गेट का वाजत नाही? प्रत्येक महाग वस्तूला टॅग असतो. तो काढल्याशिवाय वस्तू दारातून गेली की गेट बोंबलतं. टॅग काढायचं यंत्र फक्त काउंटरवर. म्हणजे माल काउंटरवरूनच जातोय, राजरोस.

म्हणजे चोर आमच्यातलाच.

७ मार्च, शुक्रवार

साबण!

फळीवर ते स्वस्तातले साबण नीट रचलेले. वर धूळ बसलीय. आणि कॉम्प्युटर म्हणतो, साबण संपले, नवे मागवा! जो साबण कोणी उचललाच नाही तो विकला कसा गेला?

उत्तर सुचलं तेव्हा टेबलावर हात आपटला मी. कोणीतरी साबणाच्या वेष्टनावरची बारकोडची पट्टी कापून बोटाखाली धरतंय. गिऱ्हाईक पुढे करतं क्रीम, स्कॅनरला दिसते साबणाची पट्टी. 'पीक' वाजतं. टॅग निघतो. पावतीसुद्धा मिळते! पावतीत साबण, पिशवीत क्रीम. गेट गप्प.

ही हातचलाखी नव्या मुलींना मी स्वतःच करून दाखवते — असं कुणी करताना दिसलं तर मला येऊन सांगा म्हणून.

साबणाची सगळी बिलं तीन नंबरच्या काउंटरवरची. त्यावर नाव मावशींचं. मावशी! दुकान उघडलं तेव्हापासूनच्या आमच्या कॅशियर. सगळ्यांच्या डब्यातलं चाखणाऱ्या, सगळ्यांना डब्यातलं देणाऱ्या. पटत नाही. पण नाव तर त्यांचंच आहे.

८ मार्च, शनिवार

साहेबांना सांगितलं. घाई झाली माझी. मला वाटलं, आधी चौकशी करतील. त्यांनी मावशींना सरळ घरी बसवलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "अगं, मी कशाला गं असं करीन? तू तरी सांग ना त्यांना."

मी खाली बघितलं.

साहेब खूश. "बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला!"

९ मार्च, रविवार

नणंद कालपासून जेवत नाही. पोट बिघडलंय म्हणते. सासूबाई तिच्यावर करवादल्या, "सोंगं पुरेत! ताटावर बस."

११ मार्च, मंगळवार

अक्षर बघा कसं येतंय.

मावशींची पाळी सकाळची. साबणाची बिलं दुपारची! ही साधी गोष्ट त्या दिवशी मी बघितलीच नाही. मावशी जाताना कॉम्प्युटरवरचं स्वतःचं नाव बंद करायला विसरतात. किती वेळा बोलले असेन त्यांना! पुढचं माणूस त्यांच्याच नावावर बिलं करत राहतं. मग दुपारी त्या खुर्चीत कोण असतं?

तीन नंबरची चित्रफीत काढली. खुर्चीत माझी नणंद. डावा हात मिटलेला. अंगठ्याखाली काहीतरी पांढरं. क्रीम उचललं, पीक. कॉफी, पीक. ब्लेड, पीक.

पण ते एवढंच असतं तरी मी सहन केलं असतं. काउंटरसमोरचं गिऱ्हाईक पाठमोरं होतं. डोक्यावर टोपी. डाव्या पायावर भार टाकून उभं, मधूनच मान खाजवणारं. ती पाठ मी रोज बघते. त्या पाठीकडे तोंड करून मी झोपते.

माझा नवरा.

"मला त्या दुकानाचं तोंडसुद्धा बघायचं नाही," म्हणणारा माझा नवरा!

१२ मार्च, बुधवार

साहेबांच्या दारापर्यंत गेले. हात कडीवर ठेवला. परत आले.

सांगितलं तर घर गेलं. नाही सांगितलं तर मावशी गेल्या.

संध्याकाळी जेवताना तो विचारतो, "सापडला का गं तुमचा चोर?" आणि ताट पुढे करून, "अजून वाढ थोडं."

मी वाढलं. वाढलं मी!

१३ मार्च, गुरुवार

ती चित्रफीत आज पुन्हा लावून बघितली. पाठ तीच.

१४ मार्च, शुक्रवार

नणंदेनेच मला गाठलं. गोदामात, खोक्यांच्या मागे. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, तुला कळलंय ना?"

मी गोदामाचं दार लोटून आले.

"मला पकडून दे. मी सांगते सगळं. माझ्याच्याने आता होत नाही. मावशींच्या खुर्चीत आता बसवत नाही मला."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

"दादाने." मग बराच वेळ नुसती रडली. "म्हणाला, नवऱ्याला सोडून इथे येऊन राहिलीस, फुकट पोसायचं का तुला? एवढं कर, नाहीतर तुझी वाट तू बघ. वहिनी, मी कुठे जाऊ? मागे जायला दार नाही मला."

एवढी मोठी पोर, पण लहान मुलासारखी माझ्या खांद्याला चिकटून होती. तिला शिव्या घालायला गेले आणि तिचे डोळे पुसत बसले.

"आता तो आला की नेहमीसारखंच कर," मी म्हटलं. "पुढचं मी बघते."

काय बघणार होते, तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

आला. दुपारी, गर्दीच्या वेळेला. तीच टोपी.

मी कॅमेऱ्यांच्या खोलीतून उठले आणि दाराशी जाऊन उभी राहिले. माझ्या हद्दीत आलेल्या प्रत्येकाला मी जे म्हणते तेच म्हटलं.

"पावती दाखवा."

तो हसला आधी. "अगं, मी आहे."

"पावती दाखवा, साहेब."

"वेड लागलंय का तुला? बाजूला हो. लोक बघतायत."

"बघू देत. पिशवी उघडा."

त्याने माझं मनगट धरलं. घट्ट. एवढ्या जोरात त्याने मला घरातसुद्धा कधी धरलं नव्हतं. तेवढ्यात दरवान पुढे आला. पिशवी खाली पडली. कॉफीची बाटली फुटली, सगळीकडे कॉफीचा वास. आणि त्याच्या हातात पावती — साबण, साबण, साबण, साबण.

आत काउंटरवर नणंद खुर्चीतून उठून उभी राहिली होती. दोन्ही हात तोंडावर.

मला वाटलं, सुटले! मावशी परत येतील. मीही उजळ माथ्याने वावरेन. किती खुळी मी!

१८ मार्च, मंगळवार

नवऱ्याने साहेबांना सांगितलं — सगळं बायकोच्याच डोक्यातलं. पट्टीची युक्ती तीच शिकवते, कॅमेरे तिच्याच ताब्यात. आता बिंग फुटायला लागलं तसं तिने नवऱ्याला पुढे केलं आणि स्वतः नामानिराळी झाली.

किती व्यवस्थित बसतं ना सगळं? साहेबांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला असता.

साहेबांनी नणंदेला विचारलं, "खरं काय?"

ती दादाकडे बघत राहिली. माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "बोल गं! शुक्रवारी मला काय सांगितलंस ते बोल!" ती नुसती मान खाली घालून रडत राहिली.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या मंगळवारी."

"मग इतके दिवस गप्प का?"

मी गळ्यातलं ओळखपत्र चाचपत राहिले.

माझंही ओळखपत्र गेलं. चौकशी पुरी झाली की प्रकरण पोलिसांकडे.

घरी गेले तर सासूबाई दारातच. "माझ्या पोराला चारचौघांत चोर म्हणालीस? स्वतःच्या नवऱ्याला? आता या घरात पाऊल ठेवायचं नाही!" आत तो बसलेला, पाय पसरून. नणंद कुठे दिसली नाही.

थोरल्या बहिणीकडे आले. ताईने अंथरूण घातलं.

२० मार्च, गुरुवार

मावशींकडे गेले. पायाच पडणार होते. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "त्या दिवशी खाली बघितलंस ना? आताही तसंच बघत जा." आणि दार लावलं.

जिन्यात बसून राहिले. वर जाणाऱ्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "नाही." बस. एवढंच खरं बोलले दिवसभरात.

२१ मार्च, शुक्रवार

नणंदेला फोन. उचलत नाही. पुन्हा केला. बंद.

ताई म्हणते, वकील बघू. मी म्हटलं, वकील काय सांगेल? नवरा माझा, नणंद माझी, कॅमेरे माझे. चोर मी नाही हे सिद्ध करायला माझ्यापाशी आहे काय? एका रडणाऱ्या पोरीचा शब्द. तोही तिने तोंडातच ठेवला.

आरशात बघते तेव्हा मलाच माझा संशय येतो! दिसत असेल का मला आधीपासून? दिसत असूनही बघितलं नसेल का? नवऱ्याच्या अंगावर नवा शर्ट, सासूबाईंच्या खोलीला सदा कुलूप. मी लोकांच्या बाह्यांत काय आहे ते बघत होते. घरात काय चाललंय ते नाही.

२३ मार्च, रविवार

उद्या साहेब पोलिसांना कागद देणार. ताईने जबरदस्तीने दोन घास भरवले.

२४ मार्च, सोमवार

साहेबांचा फोन. सासूबाई एकट्या दुकानात येऊन बसल्यात. म्हणाल्या, "माल माझ्या खोलीत यायचा. पुढे विकत मी होते. पोराला मी लावलं, पोरीला त्याने. सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी तीन दिवस अन्नाला शिवली नाही, ती मरायच्या आत लिहून घ्या."

पोलिसांच्या आधी सासूबाईंना मी समोर हवी आहे.

निघते.