गुडघ्याची साक्ष

प्रिय ताईस धाकटीचा सप्रेम नमस्कार. तुझा रक्तदाब आटोक्यात असावा. नसेल, तर त्याला कारण मीच, हे ठाऊक आहे.

आठवतं, बोर्डिंगच्या चॅपलमध्ये सकाळच्या मिस्साला मला डुलकी लागायची आणि सिस्टरांनी बघायच्या आत तू कोपर मारायचीस? त्या कोपराच्या भरवशावर मी साठी ओलांडली. आणि मी एकदा दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला गेले म्हणून तू तीन दिवस फोन उचलत नाहीस! अगं, आधी ऐक तरी.

तीस वर्षं मी वेदीवरची फडकी धुऊन, इस्त्री करून देते आहे. हे गेल्यावर पहिल्यांदाच एकटी मिस्साला गेले, तर फादर दारात विचारतात, "बाई, नवीन राहायला आलात का?" (यांना मूठमाती देणारे फादरही हेच! त्या मिस्साच्या दिवशी तू आजारी नसतीस, तर त्यांनाही कोपर बसलं असतं.)

मग शेजारची नर्स मला शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये घेऊन गेली. काय सांगू ताई! मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, पण टाळ्या, ढोल, पाठ टेकायच्या खुर्च्या! दारातच पाच जणांनी नाव विचारलं. एकीने तर हे कसे गेले ते विचारलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आजवर तेवढं कोणी ऐकलं नव्हतं गं. पण खुर्चीपाशी पोचले आणि जन्माच्या सवयीने गुडघा टेकला. समोर वेदी कुठली, नुसता उभा पंखा! मागचा गृहस्थ माझ्यावर आदळला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीच्या गुडघ्याने दगा दिला. वीसेक हात माझ्या डोक्यावर, आणि प्रार्थना अशी की खालचा शिंपी वर आला. मी कशीबशी उठले, तर एकच जल्लोष: "बरी झाली!" पास्टर म्हणाले, "आजी, पुढच्या रविवारी साक्ष द्या, देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगा." मी हो म्हणाले. इतकी माणसं माझ्याकडे इतक्या आनंदाने माझ्या लग्नातसुद्धा बघत नव्हती!

तुझीच,
धाकटी

ता. क. गुडघा पहिल्यापेक्षा जास्त दुखतो आहे. रविवारी दहाला ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. थाप मारायला लागले की कोपर मार.

पुन्हा ता. क. सोबतच्या पिशवीतली फडकी फादरांना दे (घडी मोडू नकोस, आणि कोणी इस्त्री केली ते नाव-आडनावासकट सांग). त्यातलीच आईची जपमाळ तुझ्याकडे असू दे, रविवारपर्यंतच. माझी गुडघ्याखालची उशीही त्यातच आहे, ती मात्र कोणाला देऊ नकोस. आपल्या बाकावर, माझ्या जागी ठेव. मिस्सा सहाला असते, हॉल दहाला उघडतो.