परवान्यासाठी दिलेलं नाव

१२ फेब्रुवारी १९५८
काल तिन्हीसांजेला मांगराशेजारची, गोठ्यामागची पेंढ्याची उडवी जळाली. वारा खाडीकडून होता म्हणून घर वाचलं. वाडीतली माणसं कळशा घेऊन धावली. सगळ्यात आधी विठू. भिजवलेलं पोतं घेऊन आत शिरला, डावा हात भाजून घेतला. मला तेव्हा वाटलं, हा इतक्या लवकर कसा पोचला?
परवाच अंगणात त्याची-माझी बोलाचाली झालेली. खालचा मळा बापाच्या काळापासून तोच कसतो. आता नव्या कायद्याने कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज दिलाय. मी म्हटलं, तू आमचा गडी, कूळ कसला? जाताना म्हणाला, "तात्यानू, ह्या बरा नाय जावचा." चार माणसांनी ऐकलंय.
तीस वर्षं मुंबईत बोटीच्या कंपनीत कारकुनी केली, ती शेवटी इथे निवांत राहू म्हणून. निवांत!

१६ फेब्रु.
सौ.चा भाऊ दत्ताराम कसालहून आला. जळकी उडवी बघून म्हणाला, "भावोजी, आज उडवी, उद्या घर. तुम्ही दोघंच. एक रिव्हॉल्व्हर ठेवा. वाजवायची पाळी येत नाही, आहे एवढं कळलं की पुरतं." कोल्हापुरात त्याच्या ओळखीचा दुकानदार आहे म्हणे.
सौ. चहा ठेवून आत गेली.
म्हटलं तर हसू येतं. माझ्यासारख्या माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर. पण दुपारभर तेच डोक्यात.

२७ फेब्रु.
मालवणला जाऊन आलो. अर्ज रत्नागिरीला जातो, पण चौकशी इथल्या फौजदारांची. तरुण, बोलायला अदबशीर. म्हणाले, "भीती वाटते एवढ्याने परवाना मिळत नाही, तात्यासाहेब. कोणापासून धोका? काही घडलंय का?"
उडवीचं सांगितलं.
"कोणावर संशय?"
मग नाव दिलं. बापाचं नाव, वाडी, सगळं. अंगणातलं वाक्यही सांगितलं. माझ्या तोंडून ते मुळात होतं त्यापेक्षा काळं निघालं. फौजदारांनी तसंच उतरवून घेतलं.
सही करताना वाटलं, ही नुसती रीत आहे. परवान्यापुरती.
घरी सौ.ने विचारलं, काय झालं? म्हटलं, अर्ज दिला.

११ मार्च
विठूला सकाळी नेलं. मळ्यात नाचणीला पाणी लावत होता, तिथूनच. दोन शिपाई. मी पडवीतून बघितलं. शिपायांनी मला नमस्कार केला. तो नमस्कार त्यानेही बघितला.
दुपारी त्याची बायको सुंद्री दारात. "तात्यानू, तुमी एक सबूद सांगल्यार सोडतीत. घो माझो असलो नाय, तुमका म्हायत आसा."
म्हटलं, आता कायद्याच्या हातात आहे.
कायद्याच्या. वा.

१५ मार्च
वि. परत आला. लंगडतोय. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागलाय, चॅप्टर केस म्हणतात तिला. आमच्या घराकडे, मळ्याकडे फिरकायचं नाही अशी ताकीद. मारलं का, कोणी सांगत नाही. मी कोणाला विचारलं नाही.

६ मे
परवाना आला.
घ्यायलाच पाहिजे असं नाही. कागद तसाच ठेवून देता येईल. पण मग वि.ला नेलं ते कशासाठी? एवढं होऊन आता नको म्हटलं तर… निदान खरंच भीती होती असं तरी…
दत्तारामला निरोप धाडला.

१९ मे
कोल्हापूर. दुकानदाराने उघडून, फिरवून, मिटवून दाखवलं. दिसतं लहान, पण हातात घेतल्यावर मनगट खाली जातं. परतताना एस.टी.त पिशवी मांडीवर. घाटात शेजारची बाई म्हणाली, पिशवी खाली ठेवा की काका, मोकळे बसा. नको म्हटलं. तिला वाटलं असेल, आंबेबिंबे असतील.
कपाटात मधल्या कप्प्यात ठेवलं, धोतरांखाली. किल्ली माझ्या जानव्याला.

२५ मे
भाचीचं लग्न. सौ. रोजचंच लुगडं नेसून निघाली. म्हटलं, पैठणी काढ. म्हणाली, "त्या कपाटाक मी हात लावूचंय नाय." लग्नात सगळ्या बायका तिच्या लुगड्याकडे बघत होत्या.

२ जून
दत्तारामच्या आग्रहाने सड्यावर, वरच्या कातळमाळावर जाऊन चालवून बघितलं. शहाळ्यावर नेम धरला, लागला नाही. आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला.
आमच्या अंगणातून विहिरीकडे जायची पायवाट आहे, माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. आज एकही बाई तिथून गेली नाही. सगळ्या व्हाळाकडून, ओढ्याच्या काठाने वळसा घालून. डोक्यावर कळशी, पायाखाली चिखल.
ज्यांची भीती नव्हती तीही माणसं गेली.

१० जून
झावळ पडली तरी हात किल्लीकडे जातो. पूर्वी जात नव्हता. पूर्वी झावळ पडली की झावळ पडली.

२० जून
खालच्या मळ्यात नांगर. दत्तारामने आणलेले दोन गडी, ते मळ्याचा उतार ओळखत नाहीत, पाणी सगळं एका कोपऱ्यात. वि. हद्दीच्या बांधापलीकडे उभा होता, इरलं पाठीवर. बराच वेळ. ओरडला नाही, काही नाही. एकदा फक्त हाताने खूण केली, तिथे बांध फोडा. गड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. फोडला. पाणी उतरलं.
मी आत आलो.

२८ जून
मळ्याच्या कामासाठी धरलेल्या वकिलांना भेटलो. खूश होते. "यंदाची कसवणूक तुमच्या हातची झाली. त्यात त्याच्यावर चॅप्टर केस. कूळबीळ काही लागत नाही, तात्यासाहेब. तुम्ही रिव्हॉल्व्हरचा अर्ज केलात ते फार उत्तम केलंत."
मी जमिनीसाठी नाव दिलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण फायदा झाला तो झालाच, आणि तो मी परतही केलेला नाही.

१३ जुलै
आज जेवताना सौ. एकदम म्हणाली, "उडवेची आग कोणी लावल्यान नाय."
मी हात थांबवला.
"त्या दिवशी चुलीतली राख मियाच टाकलंय थंय. निखारो इझलो आसतलो असा वाटला माका."
म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंस?
"पयल्या दिवशी भियालंय. मगे सांगूक इलंय, तर दत्ताराम बसललो, तुमी दोगव बंदुकीचा बोली होतास." मग थांबून, "आनी तुमी माका इचारलास खंय? तुमका नाव गावला होता."
मी ताटावरून उठलो. तिच्यावर ओरडलो, तुझ्यामुळे एका माणसाला पोलिसांनी… ओरडता ओरडता माझंच मला ऐकू यायला लागलं. राख तिने टाकली. नाव मी टाकलं. ती आग विझवायला तो धावून आला होता.

१५ जुलै
फौजदारांकडे जाऊन खरं सांगायचं. ठरलं.

१७ जुलै
गेलो नाही. पाऊस.

२१ जुलै
पाऊस नव्हता. तरी नाही. दत्ताराम म्हणतो, जमिनीचा निकाल होऊ दे, मग काय तो खुलासा करा, नाहीतर खोटी जबानी म्हणून तुम्हीच अडकाल, नि ताईचं नाव चावडीवर. बरोबर आहे. त्याचं नेहमी बरोबरच असतं.

९ ऑगस्ट
विठू आला. दिवसाढवळ्या, ताकीद असताना. अंगणात पायरीखाली उभा राहिला, इरल्यावरून पाणी निथळतंय. सौ.ने आत ये म्हटलं, आला नाही.
"तात्यानू, माका ती बगूची आसा."
"काय?"
"बंदूक. माझ्यासाठी हाडलास ती."
आत गेलो, कपाट उघडलं. बाहेर आणून त्याच्या हातात दिलं. का दिलं ते अजून कळत नाही. त्याने तळहातावर घेतलं, भाजल्याचा वण होता त्याच हातावर. उलटंसुलटं बघितलं.
"जड आसा." मग नळीत डोकावून, चाक फिरवून, "गोळये काढून हाडलास."
हो. काढल्या होत्या. आतल्या आत, त्याच्याकडे पाठ करून.
म्हटलं, "अरे, चोराचिलटांसाठी आहे रे."
हसला. "चोर खंय हय?" परत दिलं. दोन्ही हातांनी, प्रसाद देतात तसं. "तात्यानू, त्या पेंढ्यावर माझीच ढोरां जगली आसती. मी कित्याक जाळीन?"
तेव्हा सांगता आलं असतं. तो समोर, सौ. दारात उभी, शब्द तोंडात. एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "भिजू नको, जा घरी."
गेला. सौ. माझ्याकडे बघत राहिली, मी रिव्हॉल्व्हर पुसत राहिलो.

१० ऑगस्ट
ज्याला मारायला आणलं त्याच्या हातात दिलं आणि घाबरलो नाही. गोळ्या नव्हत्या म्हणून? की मला आधीपासून माहीत होतं, हा काही करणार नाही? दुसरं असेल तर मग मी फौजदारांपुढे जे बोललो ते…

२९ ऑगस्ट
सौ. म्हणाली, "ता हत्यार घरात आसा तवसर माका ह्या घर आपला वाटणा नाय." म्हटलं, परत करतो, जमा करतो. "हत्याराचाच नाय सांगी मी." पोळ्या लाटत राहिली.
मग संध्याकाळी दिवा लावताना, "तुमका जमणा नसात तर मी जातंय फौजदाराकडे. राख माझी आसा."
ती जाईल. मी तिला ओळखतो.
"थांब," म्हटलं. "मळ्याची सुनावणी होऊ दे."
दत्तारामचंच वाक्य.

१८ सप्टेंबर. मालवण, सुनावणीसाठी कचेरीच्या पडवीत
सकाळच्या एस.टी.ला मी आणि सौ. कसालच्या रस्त्यावर उभे. वि. आणि सुंद्रीही तिथेच. दुसरी गाडी नाही. गाडीत सौ. सरळ जाऊन सुंद्रीशेजारी बसली. त्या दोघी वाटभर बोलत होत्या, काय ते मागच्या बाकावर ऐकू येत नव्हतं. एकदा सुंद्रीने वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला वाटतं सौ.ने सांगितलं. विचारायची हिंमत नाही.
वकील आत्ताच येऊन गेले. म्हणाले, तीनच प्रश्न विचारीन, तिन्हींना हो म्हणा, दहा मिनिटांचं काम. उरलेलं कागद बोलतील. सौ. समोर बाकावर, हात मांडीवर. मी काय बोलणार ते तिने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, तिच्यापाशी एकदा बोलून बघता आलं असतं.
दोन्ही वाक्यं तोंडपाठ आहेत, वकिलांचं हो आणि राखेचं खरं. एकाने विठूचा मळा जातो आणि दुसऱ्याने माझा. आणि कोण जाणे, आणखी काय काय. सुटकेसारखं वाटेल असं यातलं एकही नाही.
वि. येऊन बाकाच्या टोकाला टेकला. मध्ये एका माणसाची जागा सोडून. म्हणाला, "तात्यानू, आपला नाव आता घेतीत काय?"
आपलं.
"घेतील," म्हटलं.
शिपाई बाहेर आलाय. नाव पुकारतोय. वि. उठला, धोतर झटकलं, आणि दारापाशी जाऊन वळून उभा आहे. मी आधी आत जावं म्हणून.