एका हातात मावणारं पुस्तक

आई, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक नवीन खूळ शिरलं आहे. प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक इतरांना सुचवायचं, त्यावर चार ओळी लिहायच्या आणि मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर रोज सकाळी एक पुस्तक टाकतात आणि शेवटी लिहितात, 'नक्की वाचा.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागते. अंगठे दाखवणाऱ्यांपैकी कुणी ते पुस्तक उघडून पाहिलं असेल तर मी मिशी काढून देईन. आज माझी पाळी होती. सकाळपासून लिहितोय आणि खोडतोय, आणि आता दुपारी लक्षात आलं की मी त्यांना लिहीतच नाहीये. पुस्तक कुणाला सांगावं आणि कसं सांगावं, याबद्दल मला बोलायचंय ते तुझ्याशी, आणि तुला जाऊन सोळा वर्षं झाली.

तुला न कळलेली बातमी आधी देतो. तुझं ते दुखणं माझ्याकडे आलं. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी. डॉक्टरांनी तेव्हाच मला तपासून घ्यायला सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, "घराण्याची एवढीच इस्टेट आहे बाबा, तुलाच मिळणार." मिळाली. गेली दोन वर्षं मी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो, पिंपरीत, तू जायचीस त्याच हॉस्पिटलात. चाकणच्या कंपनीतली क्वालिटी विभागातली नोकरी सोडावी लागली. हॉलला आता नवे पडदे आहेत, भिंतीवर टीव्ही आहे, सिस्टर सगळ्या नव्या आहेत. बाकी तेच. डाव्या हातात दोन जाड सुया, चार तास तो हात हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. घरी परत येईपर्यंत अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखं होतं, आणि जरा बरं वाटेपर्यंत पुन्हा जायची वेळ येते. याचा मला कंटाळा आलाय, आई. साधा कंटाळा नव्हे. येत्या सोमवारपासून जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला सांगितलेलं नाही, मुलाला नाही. तुला सांगतोय कारण तू ओरडू शकत नाहीस.

तू पुस्तकं कापायचीस ते आठवतं मला. पिंपळे गुरवच्या आपल्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या फरशीवर तू बसलेली आहेस, समोर एक जाडजूड कादंबरी उलटी पालथी पडली आहे, आणि तू विळीच्या पात्याने तिची पाठ सोलते आहेस. बाबा दारात उभे राहून बघत होते. "सरस्वतीला कापतेस तू," ते म्हणाले. तू मान वर न करता म्हणालीस, "एका हातात मावत नाही ती सरस्वती." खरंच होतं ते. एक हात मशीनला बांधलेला असताना जाड पुस्तक धरता येत नाही. पोटावर ठेवलं तर श्वास लागतो, पान उलटताना घसरतं. म्हणून तू कादंबरी सुटी करून चार तासांत वाचून होईल एवढ्या पानांच्या जुड्या करायचीस, प्रत्येक जुडी दाभणाने टाचायचीस आणि वर जुन्या कॅलेंडरचा कागद लावायचीस. आधी हे तू स्वतःपुरतं केलंस. मग शेजारच्या बेडवरच्या बाईंनी विचारलं, काय वाचताय, आणि तिथून तुझा तो उद्योग सुरू झाला.

तू कधीच कुणाला 'छान आहे' म्हणायची नाहीस. 'नक्की वाचा' तर नाहीच. तू माणसाला प्रश्न विचारायचीस. "तुम्हाला भांडकुदळ बाया आवडतात का? मग हे घ्या." एका बाईंनी तुला विचारलं, "यात सासू मरते का हो?" तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "तिसऱ्या जुडीत." आणि जुडी एकच द्यायचीस. पुढची हवी असेल तर पुढच्या वेळी यायचं. कुणी हट्ट केला तर तू सांगायचीस, ती दुसऱ्याकडे गेलीये. साफ खोटं. आपल्या लाकडी कपाटात सगळ्या जुड्या सुतळीने बांधून ठेवलेल्या असायच्या. मी कंपनीतून सुटलो की तुला न्यायला यायचो, डोळ्यांवर झोप असायची, आणि रिक्षात तू मला सांगायचीस की आज कोण कुठपर्यंत पोचलं. मला ते माणसांबद्दल आहे की पुस्तकांबद्दल, हेही कळायचं नाही.

ते मोशीकडचे म्हातारेबाबा तुला आठवत असतील. जमिनी विकून बंगला बांधलेले, पांढरी टोपी, बोटांत दोन अंगठ्या. शाळा चौथीपर्यंत. त्या दिवशी मी लवकर आलो होतो म्हणून ऐकलं. ते तुला म्हणत होते, "बाई, म्या काय आता येनार न्हाई. जिमिनी इकल्या, बंगला बांधला, नातवाचं लगीन बघितलं. आता हितं सुया टोचून घ्यायला कशापायी यायचं?" मला वाटलं तू समजूत काढशील. तू म्हणालीस, "नका येऊ. पण आजचे तीन तास उरलेत, तेवढे तरी घालवा," आणि त्यांच्या उजव्या हातात जुडी ठेवलीस. ते ओठ हलवत, बोट फिरवत वाचायचे. पुढच्या वेळी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बाई, त्या पोरीचं फुडं काय झालं?" ते जवळजवळ वर्षभर येत राहिले. शिव्या घालत यायचे, पण यायचे.

आणि मग तू स्वतःच थांबलीस. गुरुवार होता. मी रिक्षा बोलावली, तुझ्या चपला दारात लावल्या, आणि तू खाटेवरून म्हणालीस, "आज नाही जायचं. आज नाही आणि उद्याही नाही." मी ओरडलो, बाबा रडले, डॉक्टरांचा फोन आला. तू कुणाशीच वाद घातला नाहीस. मी विचारलं, वाचायला काय देऊ? तू म्हणालीस, "वाचायला काही नको. रेडिओ लाव." मी लावला. पुढचे थोडेच दिवस तू होतीस, आणि त्या दिवसांत तू एकही जुडी मागितली नाहीस. तेराव्याला ते म्हातारेबाबा नातवाच्या गाडीतून आले. फोटोला हात जोडले, आणि बाहेर अंगणात माझा दंड धरून म्हणाले, "बाईंनी समद्यांना गुतवलं आन सोता सुटल्या व्हय!" त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. मी कपाटातल्या त्यांच्या उरलेल्या सगळ्या जुड्या एकदम देऊन टाकल्या. थोड्या महिन्यांनी तेही गेले. वाचून झाल्या होत्या की नाही, माहीत नाही.

तो राग मलाही आहे, आई, अजून आहे. तू इतक्या लोकांना पुस्तकं सांगितलीस, आणि तुला सांगणारं कुणी नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सगळ्यांना तूच द्यायचीस. तुला कुणी म्हणालं नाही की हे घ्या आणि पुढचं शनिवारी देतो. पण निदान मागायचं तरी होतंस. माणूस तहान लागल्यावर पाणी मागतो ना?

आता त्या मुलीचं सांगतो. माझ्या शेजारच्या बेडवर येते. बीडकडची, पंचविशीतली, चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. दुखणं निघालं आणि कॉन्ट्रॅक्टरने पुन्हा बोलावलं नाही. भाऊ तिला मोटरसायकलवर घेऊन येतो आणि खाली बसून राहतो. दोनेक महिन्यांपूर्वी मी तुझ्या कपाटातली एका कादंबरीची पहिली जुडी तिला दिली. तुझ्यासारखंच, 'छान आहे' वगैरे काही न म्हणता. मनात म्हटलं, बघू, रक्तातून फक्त गाठीच आल्यात की आणखी काही. परवा शुक्रवारी तिने ती जुडी माझ्या बेडवर ठेवली आणि म्हणाली, "काका, दुसरी देऊ नका. मोबाईलवर बघितली मी ष्टोरी. एक माणूस सांगतो सगळं, धा-बारा मिंटात. शेवटी ती नवऱ्याला सोडून जाती." तुझी सगळी कारागिरी, विळी, दाभण, सुतळी, धा-बारा मिनिटांत निकालात. मला हसूही आलं आणि चरफडलोही. मग ती छताकडे बघत म्हणाली, "तसंबी मी न्हाई येणार आता सोमवारपसून. दादाचा खाडा होतो दर बारीला. काय उपेग हाय, सांगा ना."

माझंच वाक्य होतं ते. माझाच सोमवार. मला तिचा असा संताप आला की काय सांगू. समजुतीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच. मी म्हणालो, "मीपण नाही येणार सोमवारपासून." जगात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती मान वळवून बघतच राहिली. मग सुरू झाली. "तुमाला काय झालंय? घरी बायको हाय, फ्लॅट हाय, पोरगं कमवायलंय. आन मला पुस्तकं द्यायलाव, आँ? स्वतःच्यानं होईना आन लोकाला शिकवायलाव!" सिस्टर धावत आली, काय झालं म्हणून. मुलीने तिलाही झापलं. मशीनची चाकं फिरत होती.

सुया काढून झाल्यावर तिने पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं. एस. टी. स्टँडवर मिळायची तसली रहस्यकथा. वर पिस्तूल, एक बाई, आणि रक्ताचं थारोळं. नोकरीत असताना तिच्या खोलीवर राहणाऱ्या सगळ्या मुलींच्या हातून फिरलेली, कागद पिवळा, कडा तेलकट. "लई भारी न्हाई," ती म्हणाली, "पण सुटत न्हाई हातातून. शेवटची पानं गेलीत फाटून. पण मला म्हाईत हाय खून कुणी केला. मोबाईलवर हुडकू नका, कुठंच न्हाई ते. सोमवारी सांगते." मी विचारलं, "म्हणजे तू येणार?" ती चप्पल घालत होती. "तुमी आलाव तर," म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

आज रविवार आहे. पुस्तक मी काल रात्रीच संपवलं, म्हणजे जेवढं आहे तेवढं. तू नाक मुरडलं असतंस. इन्स्पेक्टर दर पानावर सिगारेट पेटवतो, बाईची साडी एकाच प्रसंगात हिरवी असते आणि निळी होते, आणि एका लॉजमालकाचा खून पंख्याच्या पात्याने होतो, जे मला क्वालिटीत इतकी वर्षं काढूनही पटलं नाही. असलं पुस्तक मी ग्रुपवर सुचवलं तर मॅनेजरसाहेब पुढचा आठवडाभर लिफ्टमध्ये बोलणार नाहीत. ती मुलगी उद्या येईल की नाही, ठाऊक नाही. येईन असं तिने तेव्हा रागाच्या भरात म्हटलं, घरी जाऊन विचार बदलला असेल. भावाचा खाडा तर होणारच आहे. ती आली नाही तर मी काय करीन, हेही मला सांगता येत नाही.

ग्रुपवर मी आज काहीच टाकणार नाही, आणि हे तर कुठेच पाठवण्यासारखं नाही. बायकोला मात्र सांगितलंय, सकाळी रिक्षा सांगून ठेव. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. सांगायला लाज वाटते, आई, पण त्या लॉजमालकाला कुणी मारलं ते मला कळायला हवंय.